कामठ्याच्या शिवारात शेत कोणते, वस्ती कोणती? प्रकाशीय आणि रडार उपग्रह प्रतिमा जोडून जमीन वापर ओळखण्याची पद्धत

मे महिन्यातली गोंदिया तालुक्यातील कामठा परिसराची उपग्रह प्रतिमा उघडली, की एक अडचण लगेच लक्षात येते. ज्या बांध्यांत उन्हाळी धान नाही त्या तांबूस-करड्या दिसतात. गावातली कवेलूची घरे तांबूस-करडी. मुरूम टाकून नव्याने पाडलेले प्लॉट तांबूस-करडे, आणि विटभट्टीची जागाही तशीच. आपला डोळा धुऱ्यांची जाळी, गल्ल्यांची वळणे पाहून शेत आणि गाव वेगळे करतो. संगणक सहसा प्रत्येक ठिपक्याचा रंग सुटासुटा तपासतो. त्याला रिकामी बांधी आणि कवेलूचे छप्पर यांत फारसा फरक सापडत नाही, कारण कवेलू शेवटी मातीचेच असतात.

मग पावसाळ्यातली प्रतिमा घ्यावी, तेव्हा बांधी हिरवी असेल, असे वाटते. पण जुलै-ऑगस्टमध्ये उपग्रहाला खाली ढगच दिसतात. रोवणी चालू असताना जमिनीवर काय घडते आहे हे नेमके त्याच काळात साध्या कॅमेऱ्याला कळत नाही.

या दोन्ही अडचणींवर आज वापरात असलेला उपाय म्हणजे प्रकाशीय प्रतिमा आणि रडार प्रतिमा एकत्र वाचणे. शहरांचे नकाशे बनवणाऱ्यांनी ही पद्धत चांगलीच रुळवली आहे. धानाच्या पट्ट्यात, जिथे शहर, गाव, तलाव आणि बांधी एकमेकांना चिकटून आहेत, तिथे ती समजून घेणे शेतकऱ्यालाही गरजेचे आहे.

शहराच्या नकाशाशी धान उत्पादकाचा काय संबंध?

पहिला संबंध पिकाच्या क्षेत्राचा. उपग्रहावरून धानाचे उत्पादन काढताना आधी 'धान कुठे आहे' याचा एक साचा तयार करतात. त्याला क्रॉप मास्क म्हणतात. वस्ती, रस्ते, पाणी, जंगल वजा करून उरलेल्या जमिनीत पीक शोधले जाते. तुमची बांधी चुकून 'बांधकाम' या वर्गात गेली, तर ती साच्याबाहेर पडते आणि पुढच्या हिशेबात येतच नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत खरीप २०२३ पासून धान आणि गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानावर आधारित उत्पादन अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण केंद्राने आणले. त्यामुळे साचा चुकीचा असला तर नुकसान कागदापुरते राहत नाही.

दुसरा संबंध पाण्याचा. गोंदिया शहर वाढते आहे आणि रस्त्यांच्या कडेने ले-आउट पडत आहेत. ज्या शिवारातले पाणी बोडीत किंवा मामा तलावात येत होते, तिथे मुरूम आणि सिमेंट आले की पाण्याची वाट बदलते. कोणत्या वर्षी, कोणत्या बाजूने, किती हेक्टर बांध्या प्लॉट झाल्या हे ग्रामसभेत मांडायचे असेल, तर वर्षावर्षाचा नकाशा हाताशी लागतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करणे बरे. उपग्रहाच्या नकाशावर जमीन कोणत्या रंगात आहे यावरून ती अकृषक ठरत नाही. ते महसूल अभिलेख ठरवतात. उपग्रह फक्त वर काय दिसते ते सांगतो.

एक ठिपका म्हणजे एक आर

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या मुख्य रंगपट्ट्यांत एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजेच सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. हेक्टरात असे १०० ठिपके. हा हिशेब लक्षात ठेवला तर पुढचे बरेच काही सोपे होते. १५ आर बांधीचे साधारण १५ ठिपके होतील, पण त्यांतले कडेचे निम्मे तरी धुरा, शेजारची बांधी किंवा धुऱ्यावरचे झाड यांत वाटले जातील. दोन खोल्यांचे घर तर जेमतेम एका ठिपक्यात मावते, तेही अंगण आणि परसासह. भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहांवरील लिस-३ कॅमेऱ्याचा ठिपका सुमारे २४ मीटरचा, म्हणजे पावणेसहा आरचा. लिस-४ चा मात्र ५.८ मीटरचा.

प्रकाशीय प्रतिमा: रंग ओळखणारी

प्रकाशीय उपग्रह सूर्यप्रकाशावर चालतो. जमिनीवरून परत आलेला प्रकाश तो वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजतो. सेंटिनेल-२ असे १३ पट्टे मोजतो, त्यांतले काही आपल्या डोळ्याला न दिसणारे अवरक्त आहेत. हिरवे पान लाल प्रकाश खाऊन टाकते आणि जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत पाठवते. या दोहोंच्या फरकावरून एनडीव्हीआय हा आकडा काढतात. भरगच्च धानात तो साधारण ०.६ च्या वर जातो, उघड्या मातीत ०.१ ते ०.२ च्या आसपास रेंगाळतो. पाण्यासाठी आणि बांधकामासाठीही असेच निर्देशांक आहेत.

बांधकामाचा निर्देशांक, एनडीबीआय, हाच आपल्या भागात फसतो. सिमेंट, कवेलू, डांबर हे दूरचा अवरक्त प्रकाश जवळच्या अवरक्तापेक्षा जास्त परावर्तित करतात, या गृहीतावर तो उभा आहे. पण सुकलेली मातीही तेच करते. नदीकाठच्या हिरव्यागार, बारमाही ओलिताच्या शहराभोवती हा निर्देशांक चांगला चालेल. एप्रिल-मेमध्ये भेगा पडलेल्या बांध्यांमध्ये तो अख्खे शिवार शहर करून टाकतो.

उलट चूकही होते. जुन्या गावात घरांवर चिंच, कडुनिंब, आंबा यांची सावली असते. वरून झाडच दिसते, घर दिसत नाही, आणि गावठाणाचा निम्मा भाग 'वृक्षाच्छादन' म्हणून नोंदला जातो.

रडार प्रतिमा: घडण आणि ओल ओळखणारी

रडार उपग्रह स्वतःच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी मोजतो. त्याला सूर्य लागत नाही, ढगही आडवे येत नाहीत. सेंटिनेल-१ च्या लहरीची लांबी सुमारे साडेपाच सेंटीमीटर आहे. भारताचा रिसॅट-१ (२०१२) आणि त्यानंतर १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेला ईओएस-०४ हेही याच सी-बँडचे. खरीप धानाचे क्षेत्र काढताना महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र रडार प्रतिमांचा आधार घेते, तो ढगांमुळेच.

रडार रंग पाहत नाही. लहर कशावर आदळली आणि कशी उसळली, एवढेच त्याला कळते. रबरी चेंडूचा विचार करावा. उपग्रह बाजूने तिरपा पाहतो. शांत पाण्यावर तिरपा टाकलेला चेंडू पुढे निघून जातो, परत येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते. ढेकळांच्या शेतावर तो कुठेही उडतो, थोडा परत येतो, म्हणून शेत करडे. अंगणावर पडून भिंतीला लागला तर तो थेट फेकणाऱ्याच्या हातात येतो, म्हणून घरे पांढरीशुभ्र चमकतात. या दुहेरी उसळीमुळे रिकामी बांधी आणि पक्के घर यांत रडारला गोंधळ होत नाही. दोघांचा रंग एक असला तरी बांधीला भिंत नसते.

सेंटिनेल-१ ची लहर उभी सोडली जाते आणि परत येताना उभी किती, आडवी किती हे वेगळे मोजले जाते. उभ्याला व्हीव्ही, आडव्याला व्हीएच म्हणतात. भिंतीची उसळी मुख्यतः व्हीव्हीत दिसते. पानाफांद्यांत लहर गुरफटली की व्हीएच वाढतो. म्हणून झाड आणि घर दोन्ही चमकत असले तरी या दोन आकड्यांच्या प्रमाणावरून बऱ्याचदा वेगळे करता येतात.

रडारलाही आपले दोष आहेत. प्रतिमा दाणेदार असते, मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखी. एकाच सारख्या बांधीत शेजारचे दोन ठिपके वेगळे आकडे देतात, आणि हा दाणेदारपणा गाळण्यासाठी सरासरी घेतली की बारीक तपशील पुसला जातो. ठिपका १० मीटरचा लिहिलेला असला तरी सेंटिनेल-१ ची खरी बारकाई त्याहून कमीच आहे. भिंती उपग्रहाच्या नजरेला तिरप्या असतील तर चमक उतरते. मातीच्या ठेंगण्या भिंती पक्क्या इमारतीइतक्या चमकत नाहीत. उच्चदाबाचे मनोरे, रेल्वेचे डबे, लोखंडी कुंपण मात्र गरजेपेक्षा जास्त चमकतात.

बिरसीची धावपट्टी आणि मिलचे आवार

रडारची सर्वांत मोठी फसगत कामठा परिसरातच पाहता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेला बिरसीचा विमानतळ इथलाच. त्याची धावपट्टी दोन किलोमीटरहून लांब आणि अर्थातच गुळगुळीत आहे. गुळगुळीत डांबरावरून लहर पाण्यासारखीच पुढे निसटते. त्यामुळे एकट्या रडार प्रतिमेत धावपट्टी म्हणजे एखादा सरळसोट कालवा वाटतो. भातगिरणीच्या आवारातले धान सुकवण्याचे सिमेंटचे मोठे खळे असेच काळपट दिसते, आणि शेजारचे गोदाम लखलखते. प्रकाशीय प्रतिमेला मात्र डांबर आणि पाणी यांत गोंधळ होण्याचे कारण नाही.

एकाची चूक दुसरा पकडतो, हाच या जोडीचा खरा उपयोग. वर्षभरात कधीच हिरवे न होणारे आणि रडारमध्ये चमकणारे ठिकाण म्हणजे इमारत. कधीच हिरवे न होणारे, पाणी नसलेले, तरी रडारमध्ये काळे म्हणजे डांबर किंवा सिमेंटची फरशी. कधीच धड हिरवे न होणारे आणि रडारमध्ये मधल्या करड्या छटेचे म्हणजे मुरूम टाकलेले प्लॉट, पडीक खरडी जमीन, विटभट्टीचे मैदान यांपैकी काहीतरी. हा तिसरा वर्ग सर्वांत घोटाळ्याचा आहे. माझ्या मते शहराच्या कडेच्या गावांसाठी तोच सर्वांत महत्त्वाचाही आहे, कारण बांधीचे घर होण्याआधी ती दोन-चार वर्षे याच अवस्थेत पडून असते. फक्त इमारती मोजणारा नकाशा हे रूपांतर उशिरा सांगतो.

एका दिवसाची प्रतिमा पुरत नाही

घर बारा महिने जवळपास तेच उत्तर देते. शेत दर पंधरवड्याला वेगळे. त्यामुळे चांगला नकाशा एका तारखेवर बनवत नाहीत, वर्षभराच्या प्रतिमांची रांग लावतात.

कामठ्यातल्या एका रोवणीच्या बांधीचे वर्ष रडारच्या नजरेने असे जाते. मेमध्ये कोरडी, करडी. जूनच्या पहिल्या जोरदार पावसानंतर एकदम उजळ, कारण ओली माती लहर जास्त परतवते. (नांगरलेली ओली बांधी त्या एका तारखेला घराइतकी नसली तरी संशयास्पद चमकू शकते.) चिखलणी करून पाणी भरले, रोवणी झाली, की बांधी काळी होते. मग धान फुटवे धरते, वाढते, तसा व्हीएच चढत जातो. ढोबळमानाने रोवणीच्या वेळी उणे २० डेसिबलच्या आसपास असलेला हा आकडा भरात आलेल्या धानात उणे १५ च्या जवळ येतो. डेसिबलचे पाच अंक म्हणजे परत आलेल्या ऊर्जेत सुमारे तिपटीचा फरक. कापणी होऊन पुंजणे लागले की तो पुन्हा उतरतो.

'आधी काळी, मग चढती' ही खूण धानाची सर्वांत भरवशाची खूण आहे, आणि ती ढगांआडून मिळते. पण आवत्या पद्धतीने पेरलेल्या धानात रोवणीसारखी पाण्याची स्पष्ट पायरी येत नाही, त्यामुळे तिथे ही खूण फिकी पडते. रोवणीच्या नमुन्यांवर शिकवलेला संगणक आवत्याचे धान सोडून देऊ शकतो. नकाशा बनवणाऱ्याला हे गावातूनच कोणीतरी सांगावे लागते.

प्रकाशीय प्रतिमेचे वर्ष वेगळे. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी येतात, म्हणजे वर्षात ७० हून अधिक तारखा. पण स्वच्छ प्रतिमा मुख्यतः ऑक्टोबर ते मे या काळातल्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आभाळ मोकळे होते तेव्हा मध्यम आणि उशिरा येणारे धान अजून हिरवे असते. एवढी एक ऑक्टोबरची आणि एक मेची प्रतिमा जोडली तरी बऱ्याच बांध्या बांधकामातून सुटतात, रडारशिवायसुद्धा. मग रडार कशाला, असे कोणी विचारले तर उत्तर असे: त्या वर्षी रोवणी झालीच नाही अशा बांध्या, हळवे धान लवकर कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, झाडांआडची घरे आणि मुरमाचे प्लॉट या चार ठिकाणी प्रकाशीय प्रतिमा एकटी पडते. पाऊस लांबलेल्या वर्षी पहिला गट मोठा असतो, आणि भरपाईचा प्रश्नही तेव्हाच उभा राहतो.

तलावाचे पोट

पूर्व विदर्भातल्या हजारो माजी मालगुजारी तलावांबाबत हा वर्षभराचा हिशेब विशेष कामाचा आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव राहिले. त्यांतले कित्येक गाळाने उथळ झाले आहेत. ऑक्टोबरमध्ये भरलेला तलाव फेब्रुवारीपर्यंत कडेने आटतो, मोकळ्या झालेल्या ओलीवर गाळपेर होते, आणि मेमध्ये निम्मे पोट उघडे पडते. एकाच जागेला ऑक्टोबरची प्रतिमा 'पाणी' म्हणेल, फेब्रुवारीची 'पीक', मेची 'पडीक'. तिन्ही खरे आहे. पण नकाशात एकच रंग भरायचा असतो.

उन्हाळ्यातल्या एका तारखेवर बनवलेल्या नकाशात तलावाचे क्षेत्र आक्रसते आणि कडेचा भाग शेत किंवा मोकळी जागा म्हणून नोंदला जातो. गावाच्या दृष्टीने ही साधी चूक नाही, कारण पुढे कोणी त्या मोकळ्या जागेवर भराव टाकला तर नकाशा त्याच्याच बाजूने बोलेल. रडारची पावसाळ्यातली रांग इथे उपयोगी पडते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी कुठवर पोचले होते हे ती ढगांआडून दाखवते. अट एवढीच की तलावात कमळ, शिंगाडा किंवा बेशरम माजलेली नसावी. पाण्यावर झाडोरा असला की रडारला पाणी दिसत नाही, तिथे पुन्हा प्रकाशीय प्रतिमेकडेच यावे लागते. जोराच्या वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या असतील तर त्या तारखेलाही तलाव उजळ दिसतो.

तलाव भरलेला आणि रोवणीची बांधी, दोन्ही जुलैत काळ्याच. फरक काळाने कळतो. बांधी तीन-चार आठवड्यांत उजळू लागते, तलाव काळाच राहतो.

दोन्ही प्रतिमा जोडतात म्हणजे नेमके काय करतात?

एकावर एक चित्र ठेवून रंग मिसळणे असा याचा अर्थ नाही. आधी दोन्ही प्रतिमा जमिनीवर नेमक्या बसवतात. रडार तिरपा पाहत असल्यामुळे उंच भागांत जागा सरकते, ती उंचीच्या नकाशाने दुरुस्त करतात. कामठ्यासारख्या सपाट शिवारात ही दुरुस्ती किरकोळ असते, सालेकसाच्या डोंगरांकडे नाही. मग ढगांचे ठिपके काढून टाकतात, रडारचा दाणेदारपणा कमी करतात. त्यानंतर प्रत्येक ठिपक्यासाठी एक ओळ तयार होते: वर्षातला सर्वाधिक एनडीव्हीआय, सर्वांत कमी एनडीव्हीआय, पाण्याचा निर्देशांक, व्हीव्हीची वर्षाची सरासरी, व्हीएचची सर्वांत खालची पातळी आणि तिची तारीख, वर्षभरातला चढउतार, आजूबाजूच्या ठिपक्यांशी असलेला फरक. एका आरची ही जणू वर्षभराची हजेरी.

मग ज्या ठिकाणी काय आहे ते आपल्याला नक्की माहीत आहे, अशा ठिपक्यांच्या ओळी संगणकाला शिकवायला देतात. रँडम फॉरेस्ट ही पद्धत यासाठी जास्त वापरली जाते. ती प्रश्नोत्तरांचे शेकडो वेगवेगळे मार्ग तयार करते ('वर्षात कधी हिरवे झाले का? नाही. मग रडारमध्ये चमकते का?') आणि प्रत्येक मार्गाचे मत घेऊन बहुमताने वर्ग ठरवते. गूगल अर्थ इंजिनवर हे काम बिनव्यापारी वापरासाठी मोफत करता येते, आणि सेंटिनेलच्या प्रतिमाही मोफतच आहेत.

तयार नकाशेही आहेत. जर्मन अवकाश संस्थेने २०१५ सालासाठी बनवलेला जगभरच्या वस्त्यांचा नकाशा लँडसॅट-८ आणि सेंटिनेल-१ जोडून केला, २०१९ सालचा सेंटिनेल-१ आणि सेंटिनेल-२ जोडून. युरोपीय अवकाश संस्थेचा वर्ल्डकव्हर हा २०२० आणि २०२१ सालांचा ११ वर्गांचा नकाशा याच जोडीवर बनला आहे. गूगलचा डायनॅमिक वर्ल्ड मात्र फक्त सेंटिनेल-२ वर चालतो. तो ताजा असतो, पण पावसाळ्यात त्याचे हात बांधलेले. आपल्या गावाचे हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे जमीन वापर नकाशे भुवन संकेतस्थळावर पाहता येतात, आणि राज्यासाठी नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र काम करते.

९६ टक्के अचूक, तरी गाव दुप्पट

वर्ल्डकव्हरच्या २०२१ च्या नकाशाची जगभराची एकूण अचूकता ७६.७ टक्के सांगितली आहे. म्हणजे ढोबळमानाने चारातला एक ठिपका चुकू शकतो. कोणत्याही नकाशाची अशी टक्केवारी ऐकली की पुढचा प्रश्न विचारावा: कोणत्या वर्गात?

उदाहरणासाठी समजा, एका गावाचे शिवार १,००० हेक्टर आहे. त्यात ४० हेक्टर गावठाण आणि रस्ते, ७५० हेक्टर बांध्या, बाकी तलाव, झाडी, पडीक. फक्त मेच्या प्रकाशीय प्रतिमेवरून केलेल्या नकाशात बाकी सगळे बरोबर आले, फक्त ५ टक्के बांध्या 'बांधकाम' म्हणून गेल्या. ७५० चे ५ टक्के म्हणजे साडेसदतीस हेक्टर. नकाशाची एकूण अचूकता ९६ टक्क्यांच्या वर. पण त्यात वस्ती ४० ऐवजी साडेसत्याहत्तर हेक्टर झाली, जवळजवळ दुप्पट! वर्ग लहान असेल तर मोठ्या वर्गातली किरकोळ चूकही त्याला गिळून टाकते. म्हणून नकाशा देणाऱ्याकडून प्रत्येक वर्गाची दोन उत्तरे मागावीत: नकाशात जिथे बांधकाम म्हटले आहे तिथे ते किती वेळा खरोखर सापडले, आणि जिथे खरोखर बांधकाम आहे तिथे नकाशाने ते किती वेळा पकडले.

गावातून द्यायची माहिती

संगणक जे शिकतो ते गावातून नोंदवलेल्या ठिकाणांवरून. पंजाबच्या किंवा कोकणच्या भातावर शिकलेला नकाशा कामठ्याला आणून चालेलच असे नाही. कृषी सहायक, शेतकरी मित्र किंवा कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम दोन फेऱ्यांत करू शकतात.

जागेची नोंद बांधीच्या मधोमध उभे राहून घ्यावी, धुऱ्यावरून नाही. मोबाइलचे स्थान पाच-दहा मीटर इकडेतिकडे जाते, त्यामुळे धुऱ्यावर घेतलेली नोंद शेजारच्या बांधीत किंवा बाभळीवर पडते. शक्य असेल तिथे निदान २०-२५ आरची, एकसारखी बांधी निवडावी. सोबत फोटो, तारीख आणि तीन साध्या गोष्टी लिहाव्यात: रोवणी की आवत्या, रोवणी अंदाजे कोणत्या आठवड्यात, आणि मागच्या उन्हाळ्यात तिथे काय होते. 'धान' एवढीच नोंद अपुरी आहे. कन्हार जमिनीतली उशिरा सुकणारी बांधी आणि मोरांडीतली लवकर सुकणारी बांधी रडारला वेगळ्या दिसतात, म्हणून जमिनीचा प्रकारही लिहिला तर उत्तमच.

ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतः फोटोसह पीक नोंदवत आहेत. त्या नोंदी नीट झाल्या तर नकाशाच्या तपासणीसाठी याहून मोठा साठा नाही. फोटो घरी बसून किंवा रस्त्यावरून काढून टाकला, तर त्याच शेतकऱ्याचे नव्हे, सगळ्या मंडळाचे शिकवणे बिघडते.

अवघड जागांच्या नोंदी मुद्दाम जास्त घ्याव्यात. सगळेजण चांगल्या बांध्या आणि पक्क्या घरांच्या नोंदी घेतात, आणि नकाशा चुकतो तो विटभट्टी, खडी क्रशर, मुरमाचा ले-आउट, गिरणीचे खळे, झाडाखालची कवेलूची घरे, गाळपेर आणि बेशरम माजलेली बोडी इथे. अशा प्रत्येक प्रकाराच्या पाच-दहा नोंदीही नकाशा बदलून टाकतात.

पहिली फेरी रोवणी आटोपल्यावर ऑगस्टमध्ये, दुसरी मेमध्ये, त्याच ठिकाणी. झाडांआडच्या घरांच्या नोंदी आता जपून ठेवाव्यात. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाची एल-बँड लहर सुमारे २४ सेंटीमीटरची आहे, सी-बँडच्या चौपटीहून लांब. ती पानांच्या थरातून जास्त खोल जाते. चिंचेखालचे घर तिला दिसते का, हे तपासायला त्याच नोंदी लागतील.